आधी बेल्ट, मग ट्यूनिंग: पहिला सुपरचार्जर बसवणाऱ्यांसाठी

'किती पॉवर वाढेल?' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी हे बघा की तुम्ही गाडी कुठल्या आरपीएमला चालवता. सुपरचार्जरचा, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाचा, प्रकार त्यावर ठरतो, आणि प्रकार चुकला तर कितीही पॉवर मिळाली तरी गाडी चालवताना समाधान होत नाही.

सुपरचार्जरचे मुख्य प्रकार तीन: रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्यूगल. रूट्स आणि ट्विन-स्क्रू दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतात. त्यामुळे खालच्या आरपीएमलाच बूस्ट (वातावरणाच्या वरचा जास्तीचा हवेचा दाब) हजर असतो आणि रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) जवळपास सपाट राहतो. सेंट्रिफ्यूगलचं तसं नाही. त्याचा बूस्ट वेगाच्या वर्गाप्रमाणे चढतो, म्हणजे निम्म्या आरपीएमला साधारण पाव बूस्ट. होंडा एस२०००चं दोन लिटरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरतं, त्याचा मूळ स्वभावच वर जाऊन खुलण्याचा. तिथे सेंट्रिफ्यूगल शोभतो. रोजच्या रस्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणांतून बाहेर पडताना मजा हवी असेल, तर मी ईटन कंपनीच्या टीव्हीएस जातीच्या (दुचाकीवाली टीव्हीएस नव्हे) रूट्सलाच मत देईन. त्यासाठी बहुतेक वेळा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) बदलावा लागतो आणि बॉनेटखालची उंची मोजावी लागते. किट मागवण्याआधी मोजा.

कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे इंजिन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतं त्याची, भीती नव्या माणसाला फार घातली जाते. आजच्या स्पोर्ट्स कार मुळातच उंच कॉम्प्रेशनच्या आहेत: टोयोटा ८६ १२.५, मियाताचं नवं दोन लिटर १३. तरीही हलका बूस्ट झेपतो. लोटसने २००६च्या एक्सिज एसमध्ये टोयोटाच्या ११.५ कॉम्प्रेशनच्या १.८ लिटर इंजिनावर ईटन एम६२ बसवून गाडी कारखान्यातून विकली. तेव्हा धीर धरा. पण पहिल्या टप्प्यात ०.४ बारच्या पुढे जाऊ नका. यात मला तडजोड मान्य नाही. आणि किट उघडण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का, कुठून गळतो का ते बघणाऱ्या) करून घ्या. थकलेल्या इंजिनावर सुपरचार्जर बसवणं म्हणजे सरळ पैसे जाळणं.

उष्णतेचा हिशोब एकदा स्वतः करून बघा. बाहेरची हवा ३० अंश, बूस्ट ०.५ बार. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर हवा ९० अंशांच्या पुढे जाते. ७५ टक्के असेल तर ८०च्या आसपास. हवा जितकी तापेल तितकी विरळ होते, शिवाय नॉकिंग (मिश्रणाचा नको त्या वेळी होणारा स्फोट) जवळ येतं. म्हणून इंटरकूलरशिवायचं (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरशिवायचं) स्वस्त किट मी कुणालाही सुचवत नाही. 'नंतर लावू' म्हणणाऱ्यांचं नंतर क्वचितच येतं.

आता बेल्ट. मला सगळ्यात जास्त छळलं ते बेल्टने, आणि यावर नीट समजावणारं कुणी भेटलं नाही, म्हणून इथे लांबण लावतो.

अल्टरनेटर बेल्टकडून दोन-तीन अश्वशक्ती घेतो. मध्यम आकाराच्या इंजिनावर वरच्या आरपीएमला सुपरचार्जर वीसेक मागतो, कधी जास्तही. मूळ बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) या कामासाठी बनवलेले नसतात. मग बेल्ट घसरतो. तो ओरडेल अशी वाट बघू नका. माझा ओरडला नाही. मल्टी-रिब (लांबीभर खाचांचा) बेल्ट वरच्या आरपीएमला अगदी गुपचूप घसरू शकतो, आणि इंजिनाच्या आवाजात जे थोडं ऐकू आलं असतं तेही बुडून जातं.

दिसतो तो फक्त लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांच्या नोंदीत. बूस्ट आणि आरपीएम एकाच आलेखावर काढा. रूट्समध्ये रेघ सपाट हवी, सेंट्रिफ्यूगलमध्ये शेवटपर्यंत चढती. ५००० ला ०.५ बार आणि ६५०० ला ०.४ दिसले, तर आधी बेल्टवर संशय घ्या. एअर फिल्टर गुदमरत असेल किंवा बायपास व्हॉल्व्ह (नको तेव्हा बूस्ट सोडून देणारी झडप) नीट बंद होत नसेल तरीही बूस्ट कमी दिसतो, पण ते तपासणं सोपं आहे. बेल्टची खूण म्हणजे पुलीभोवती काळी रबरी भुकटी, खाचांवर आलेली चकाकी, आणि एकदा जोरात वेग घेऊन गाडी थांबवल्यावर बाकी पुल्यांपेक्षा कितीतरी तापलेली सुपरचार्जरची पुली. इन्फ्रारेड थर्मामीटरने ते लगेच कळतं. इंजिन बंद करूनच हात घाला.

इथे जो सल्ला हमखास मिळतो तो असा: 'बूस्ट कमी पडतोय? लहान पुली टाक.' कृपया टाकू नका. क्रँक पुली १५० मिमी आणि सुपरचार्जरची ७५ मिमी असेल, तर इंजिनाच्या ७००० ला सुपरचार्जर १४००० ने फिरतो. ६८ची पुली टाकली की साडेपंधरा हजारांच्या जवळ. म्हणजे भार वाढला, पुलीची त्रिज्या कमी झाल्याने बेल्टवरची ओढ वाढली, आणि बेल्टला धरायला जागा मात्र घटली. घसरण वाढते, उष्णता वाढते, बूस्ट तिथेच.

करायचं ते उलट्या क्रमाने. सरळ पट्टी किंवा लेझर लावून सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का ते बघा. मग ब्रॅकेट भाराखाली वाकतो का ते बघा. पातळ पत्र्याचे ब्रॅकेट वाकतात. सुपरचार्जरच्या पुलीचा निम्मा घेर तरी बेल्टने लपेटलेला हवा, नसेल तर आयडलरची जागा बदला. एवढं करूनही भागलं नाही तर सहाऐवजी आठ रिबचा बेल्ट. मूळ क्रँक पुलीत बहुधा रबराचा डॅम्पर असतो. त्या जागी हलकी घन पुली बसवायचा मोह टाळा, क्रँकची कंपनं शोषणारं दुसरं काही तिथे नसतं. आणि बेल्ट नुसता ताणत सुटू नका. अति ताणाने सुपरचार्जरच्या पुढच्या बेअरिंगची वाट लागते.

खरा सापळा याच्या पुढे आहे. समजा बेल्ट घसरतोय आणि कुणाला पत्ता नाही. ट्यूनर डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) बसतो, इंजिनात प्रत्यक्ष जाणाऱ्या ०.४ बारवर इंधन आणि टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) जुळवतो, सगळं सुरेख येतं. काही दिवसांनी तुम्ही नवा, चांगला पकडणारा बेल्ट लावता. आता ०.५ बार जातो, तोही वरच्या आरपीएमला, जिथे ट्यूनिंगच्या नकाशाच्या (कुठल्या आरपीएम-बूस्टला किती इंधन, किती टायमिंग याच्या तक्त्याच्या) त्या कप्प्यांत कुणी कधी पाऊलच ठेवलेलं नाही. टायमिंग जास्त, मिश्रण विरळ, नॉकिंग, आणि मग पिस्टनच्या रिंगलँड्स (रिंगांमधल्या कडा) तुटतात. दुरुस्तीने इंजिन मरतं ते असं. म्हणून लॉगमधली बूस्टची रेघ हवी तशी झाल्याशिवाय अंतिम ट्यूनिंग करू नका. झालेलं असेल तर बेल्ट, पुली किंवा टेन्शनर बदलल्यावर ते परत तपासून घ्या, ट्यूनर कितीही म्हणाला की काही फरक पडत नाही.

इंधनाचा हिशोब त्यामानाने सरळ आहे. ३०० अश्वशक्ती, चार इंजेक्टर (इंधन फवारणारे), ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर प्रत्येकी साधारण ५९० सीसी प्रति मिनिट लागतात. एक गोष्ट मात्र सुटते: इंधनाचा दाब ठरवणारा रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या दाबाशी जोडलेला नसेल आणि रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीत) ३ बार ठेवत असेल, तर ०.५ बार बूस्टविरुद्ध इंजेक्टरला उरतात अडीच. प्रवाह जवळपास ९ टक्के घटतो, तोही जास्त लागतो त्याच क्षणी. मूळ मॅप सेन्सरही (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) बघा. साध्या इंजिनावरचा एक बारचा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या जरा पुढे गेला की आंधळा होतो, त्याजागी अडीच किंवा तीन बारचा हवा. प्लग एक पायरी थंड आणि गॅप कमी, नाहीतर बूस्टखाली ठिणगी विझते.

'पिगीबॅक लावून काम भागतं' असं सांगणारे भेटतील. पिगीबॅक म्हणजे सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या मधे बसणारा जोड-बॉक्स. काही गाड्यांवर भागतंही. पण ईसीयूला खोटे आकडे देऊन फसवायचं, हा पाया मला पटत नाही. मूळ ईसीयू नीट फ्लॅश करणारा, म्हणजे त्यातला नकाशाच बदलणारा, माणूस असेल तर त्याच्याकडे जा. त्याच्या अनुभवाची वर्षं मोजू नका, त्याला एका तशाच गाडीचा लॉग दाखवायला सांगा: आरपीएम, बूस्ट, वाइडबँड सेन्सरने मोजलेलं मिश्रण (हवा-इंधनाचं प्रमाण), टायमिंग, नॉक. पूर्ण बूस्टला मिश्रण ११.५ ते १२च्या आसपास दिसायला हवं. जो आनंदाने लॉग उघडतो आणि तुमच्या बावळट वाटणाऱ्या प्रश्नावर थांबतो, तो तुमचा गुरू. जो फक्त डायनोचा सर्वोच्च आकडा दाखवतो, त्याच्याकडून मी निघून आलो आणि तेच बरं झालं.

किटसोबत आलेला 'बेस मॅप' (तात्पुरता नकाशा) फक्त गाडी सुरू करून डायनोपर्यंत न्यायला आहे. त्यावर एकदाही पूर्ण थ्रॉटल देऊ नका. एकदाही नाही.

बसवून झाल्यावर मन अस्वस्थ होईल, प्रत्येक नवा आवाज बिघाडच वाटेल. रूट्सची शीळ आणि बायपास उघडताना येणारा फुसकारा ऐकून मी कितीदा गाडी बाजूला घेतली असेल. दोन्ही आवाज निरोगी आहेत. कूलंट गळत नाही ना, तेलाचा दाब ठीक आहे ना, बेल्ट पुल्यांवर एका रेषेत आहे ना, एवढं बघा. पहिल्या काही वेळा इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झालं की ब्रॅकेटचे बोल्ट दिलेल्या टॉर्कला परत तपासा, कारण उष्णतेने ते बसतात आणि पुल्यांची रेषा तिथूनच हलायला लागते. बेल्टचा ताणही तेव्हाच बघा, नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतोच. मग परत एक लॉग घ्या आणि डायनोच्या दिवशीच्या लॉगवर ठेवून बघा. रेघा जुळल्या तर पूर्ण थ्रॉटल द्यायला हरकत नाही.