कुठवर वाचलंत? विज्ञानकथा-फँटसीच्या ऑनलाइन कट्ट्यावर नव्यानं येणाऱ्यांसाठी

विज्ञानकथा-फँटसीच्या कट्ट्यावर, म्हणजे सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून ऑनलाइन चर्चा करायच्या गटात, 'पुस्तक आवडलं का?' हे बऱ्याच उशिरा विचारतात. आधी विचारतात, 'कुठवर वाचलंत?' कौटुंबिक कादंबरीतलं जग वाचकाच्या ओळखीचं असतं. इथं मात्र ते जग चालतं कसं, जादूची किंमत कोण मोजतं, यानावरची माणसं कशाला घाबरतात, हे हळूहळू उलगडत जाणं हाच निम्मा मजकूर असतो. सहाव्या प्रकरणात असलेल्याला कुणी पंधराव्यातला नियम सांगून टाकला, तर मधलं त्याचं सगळं चाचपडणं संपतं. आणि चर्चेला खरं खाद्य मिळतं ते त्या चाचपडण्यातूनच.

कट्टा निवडताना नियमावलीपेक्षा मागची तीन-चार पुस्तकं बघा. पानं किती होती, एकटं पुस्तक होतं की मालिकेतला तिसरा भाग, वाचायला किती दिवस दिले होते, चर्चा टप्प्याटप्प्यानं झाली की सगळं संपल्यावर एकदाच, एवढं कळलं तरी अंदाज येतो. दर महिन्याला 700 पानांची फँटसी घेणारा कट्टा नोकरी-घर सांभाळणाऱ्याला सहसा दोन महिन्यांत दमवतो. नव्या माणसानं कथेपासून सुरुवात करणं उत्तम. विज्ञानकथा-फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या वर्गवारीत 7,500 शब्दांच्या आतली ती लघुकथा, 17,500 ते 40,000 शब्दांची नॉव्हेला (लघुकादंबरी), आणि त्यापुढची कादंबरी. मिनिटाला 200 शब्द वाचणाऱ्याची लघुकथा 40 मिनिटांच्या आत होते, मोठ्यात मोठ्या नॉव्हेलाला साधारण साडेतीन तास लागतात. इंग्रजी सरावाची नसेल तर दीडपट धरा. क्लार्क्सवर्ल्ड, स्ट्रेंज होरायझन्स, लाइटस्पीड अशा मासिकांत नव्या कथा फुकट वाचायला मिळतात. मराठीत दिवाळी अंकांमधल्या विज्ञानकथा कट्ट्यासाठी सोयीच्या, फक्त तो अंक सगळ्यांना मिळतोय का हे आधी विचारून घ्यावं.

कादंबरी असेल तर पहिल्याच दिवशी गणित मांडा. 420 पानं आणि चार आठवडे असतील, तर 28 दिवसांतले चार पाहुणे, प्रवास आणि कंटाळा यांच्या नावे सोडा. उरलेल्या 24 दिवसांत रोज साडेसतरा पानं झाली पाहिजेत. पण पहिल्या 50-60 पानांचा हिशेब निराळा. नवी नावं, नवे शब्द, नवी माणसं. तिथं दुप्पट वेळ लागतो. बहुतेक लोक पुस्तक सोडतात ते इथंच, आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं समजतात. खरं तर त्या पानांत काहीच न कळणं पुष्कळदा लेखकाला अपेक्षित असतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची किंवा नकाशा आहे का, हे सुरू करण्याआधी बघून ठेवा. ई-पुस्तकात ती सूची अगदी तळाशी दडलेली असते आणि कितीतरी जणांना ती पुस्तक संपल्यावर सापडते.

आता आवृत्ती. इथं होणारा गोंधळ फार फसवा असतो, कारण दोघांच्या हातातल्या पुस्तकांवर नाव एकच असतं.

मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चं उदाहरण घ्या. मोफत मिळतं म्हणून कट्ट्यांवर ते वरचेवर निवडलं जातं. 1818 सालची पहिली आवृत्ती तीन खंडांची आहे आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. 1831च्या सुधारित आवृत्तीत चार पत्रं आणि मग सलग 24 प्रकरणं आहेत. नायकानं घडवलेला प्राणी जिवंत होतो, त्या नोव्हेंबरातल्या कुंद रात्रीचं प्रसिद्ध प्रकरण 1831च्या प्रतीत पाचवं, 1818च्या प्रतीत पहिल्या खंडातलं चौथं. संयोजकानं 'या आठवड्यात प्रकरण 4 पर्यंत' असं लिहिलं, की निम्मे लोक त्या रात्रीच्या अलीकडे थांबतात आणि निम्मे पलीकडे. एवढ्यावर भागत नाही. एलिझाबेथ पहिल्या आवृत्तीत नायकाची आतेबहीण आहे, दुसरीत घरी आणून वाढवलेली परकी मुलगी. यावर दोन सभासद तासभर हिरिरीनं भांडू शकतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

अनुवादातही हेच होतं. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'च्या मूळ चिनी पुस्तकात चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीचा भाग मध्यावर सरकवलेला आहे. केन लिऊ यांच्या 2014च्या इंग्रजी अनुवादात तो सुरुवातीला आहे. चिनी आवृत्तीवर बेतलेला एखादा लेख वाचून कुणी 'हे तर पुढे येतं' म्हणाला, तर त्याची चूक नसते. मराठी अनुवाद घेत असाल तर आतल्या पानावर 'अनुवाद' लिहिलंय, 'रूपांतर' की 'संक्षिप्त', हे बघा. जूल व्हर्नच्या गोष्टी मराठी मुलांना भा. रा. भागवतांमुळे माहीत झाल्या. ती रूपांतरं वाचायला झकास, पण मूळ प्रकरणांशी ताडून बघायला बसलात तर पंचाईत.

उपाय सोपा. आयएसएफडीबी या विज्ञानकथा-फँटसीच्या जुन्या माहितीकोशावर पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या, वर्षं आणि मालिकेतला क्रम मिळतो. तिथं बघून संयोजकानं आवृत्तीचं वर्ष आणि टप्पा जिथं संपतो ते शेवटचं वाक्य कळवावं. वाक्य दिलं की पानांचे आकडे, किंडलमधलं लोकेशन, टक्के यांची कटकट मिटते. ई-पुस्तकात शोध घेतला की जागा सापडते. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना नावांची यादी देवनागरीत द्या. ऐकलेल्या नावाचं स्पेलिंग त्यांना माहीत नसतं, आणि एकाच राणीला तिघं तीन नावांनी हाक मारत बसतात.

'कुणाकडे पीडीएफ आहे का?' हा प्रश्न प्रत्येक कट्ट्यावर येतोच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. इंग्रज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स 1946 साली गेले, त्यांची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून खुशाल उतरवून घ्या. हयात लेखकाचं पुस्तक गटात टाकणं हा सरळ कायद्याचा भंग आहे, मग गट पाच जणांचा का असेना.

वाचताना करायचं मुख्य काम एकच: अंदाज लिहून ठेवणं. सारांश नको, तो कुणालाही मिळतो. संपूर्ण पुस्तकाला सात-आठ टिपणं पुरतात. टिपण असं असावं:

'पान 38. म्हातारी म्हणते, करार मोडला की आवाज जातो. खरंच जातो की नुसती धमकी? मला धमकी वाटते, कारण ती हसत हसत सांगते.'

पुढे 210व्या पानावर आवाज खरोखर गेला, तरी हे टिपण खोडू नका. शेजारी फक्त '210' लिहा. चर्चेत हेच सोनं ठरतं: 'मला ती धमकी वाटली, तुम्हाला?' इथून बोलणं सुरू झालं की लेखकानं फसवलं कसं, ते हसू मुद्दाम घातलं होतं का, इथवर आपसूक पोचतं. पुस्तक संपवल्यावर हे आठवून लिहू म्हणाल, तर जमत नाही. उत्तर कळलं की आपल्याला ते आधीपासूनच ठाऊक होतं असं मन बेधडक सांगतं.

पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका. नाव टाकताच पुढचे शब्द सुचवले जातात आणि त्यातच तो मरतो की राजा होतो हे कळतं. चाहत्यांचे माहितीकोश तर पहिल्याच ओळीत पात्राचा शेवट सांगून मोकळे होतात. प्रस्तावनाही शेवटीच वाचा. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे वाचकानं कथा वाचलेलीच आहे असं धरून चालतात.

गटात लिहिताना रहस्यभेद (स्पॉयलर) टाळायचा कसा, हे गप्पांचं अ‍ॅप कोणतं यावर ठरतं. डिस्कॉर्डवर आणि टेलिग्रामवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना || अशा दोन उभ्या रेघा टाकल्या की तो झाकला जातो आणि टिचकी मारली तरच दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिली ओळ निरुपद्रवी ठेवायची, मग नुसत्या टिंबांच्या पुरेशा ओळी टाकायच्या, म्हणजे खरा मजकूर 'आणखी वाचा'च्या पलीकडे जातो. पहिली ओळ महत्त्वाची, कारण फोन लॉक असतानाही ती पडद्यावर झळकते. '1831 आवृत्ती, प्रकरण 10 वाचलेल्यांसाठीच' ही चांगली पहिली ओळ. 'दहाव्यातला धक्का बसला का?' ही वाईट. धक्का आहे हे सांगून झालंच की! 'काही सांगत नाही, पण शेवटपर्यंत थांबा' हे त्याहून वाईट.

प्रत्यक्ष बोलण्याच्या बैठकीत वेळेचा घोळ ठरलेला. भारतात रविवारी रात्री 8 वाजता लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन असतात, हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा किंवा साडेनऊ, कॅलिफोर्नियात साडेसात किंवा साडेसहा. सिडनीकर मंडळींची मध्यरात्र उलटलेली असते, त्यांच्यासाठी आळीपाळीनं सकाळची बैठक ठेवा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कुणी ना कुणी तासभर आधी किंवा उशिरा येतं. वेळ नेहमी 'भारतीय वेळ' असं लिहून कळवा.

झूमची फुकटातली बैठक 40 मिनिटांनी बंद पडते, गूगल मीटची तीन किंवा अधिक माणसं असतील तर 60 मिनिटांनी. आठ जण असतील तर पहिल्या फेरीत प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे 24 मिनिटं गेली. म्हणून पहिल्या फेरीत मत मागू नका, प्रत्येकाकडून एक पान आणि एक प्रश्न घ्या. माइक बंद ठेवा. कुकरची शिट्टी इतरांना तुमच्यापेक्षा मोठी ऐकू येते.

चर्चा हमखास घसरते ती 'हे विज्ञानात बसत नाही' या वाक्यावर. कुणीतरी अभियंता असतोच, आणि प्रकाशापेक्षा वेगवान यान त्याला सहन होत नाही. त्याला गप्प करू नका, प्रश्न बदला: लेखकानं ही सूट कुठल्या पानावर घेतली, आणि पुढे ती स्वतः पाळली का? फँटसीतल्या जादूलाही हाच प्रश्न लागू पडतो. अडचणीच्या वेळी नियम वाकवला असेल, तर ती खरी खोट, आणि तिचं पान दाखवता येतं.

पुढचं पुस्तक सुचवताना पानसंख्या, भाषा, किंमत, मालिकेतलं स्थान आणि मिळण्याचं ठिकाण, एवढं एका संदेशात द्या. मोठ्या नावाला डोळे झाकून मतं पडतात, त्यावर एक युक्ती आहे. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ते नावाला नव्हे, कथेला मिळालं. तसंच करा: सुचवलेल्या तीन पुस्तकांचं पहिलं एकेक पान लेखकाचं नाव झाकून सगळ्यांना वाचून दाखवा, मग मतं घ्या.

पुस्तक अर्धवट सुटलं तरी बैठकीला या. पहिल्याच वाक्यात सांगा, 'मी 112व्या पानावर सोडलं,' आणि बाकीच्यांनी पुढचं बोललं तर चालेल का तेही सांगा. तिघांनी आसपासचंच पान सांगितलं, तर पहिल्या फेरीनंतर तेच पान उघडा आणि मोठ्यानं वाचा.