पार्किंगमधले जुने पट्टे आणि नंबर काढताय? या चुका टाळा

नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची नव्याने आखणी झाली, तेव्हा जुन्या पट्ट्यांवर आम्ही काळा ऑइलपेंट मारून घेतला. दिवाळीत सगळे छान दिसत होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात जुना १४ नव्या ९ च्या शेजारी स्वच्छ वाचता येऊ लागला. पाहुण्यांनी गाडी कुठल्या नंबरवर लावायची यावरून दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले, ते चार महिने.

काळ्या रंगाची ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण ती सगळ्यात स्वस्त असते. रंगाचा थर गुळगुळीत असतो आणि डांबर खरखरीत. ओले झाले किंवा तिरका उजेड पडला की दोन्ही वेगळे चमकतात, म्हणजे रंग काळा असला तरी आकार तोच राहतो. शिवाय टायर घासून वरचा काळा थर आधी जातो आणि खालचा पिवळा वर येतो. पावसात भिजलेल्या रंगावरून दुचाकी घसरते ते वेगळेच. अमेरिकेच्या वाहतूक-चिन्हांच्या नियमावलीतही वरून काळा रंग मारणे म्हणजे पट्टा काढणे, असे मानत नाहीत. सगळा रंग खरवडून निघणे तितके महत्त्वाचे नाही. जुना आकडा डोळ्याला वाचता येता कामा नये आणि खालची जमीन शाबूत राहायला हवी, एवढेच बघायचे.

आधी खाली काय आहे ते बघा

एकाच आवारात गेटपाशी डांबर, मध्ये पेव्हर ब्लॉक आणि बेसमेंटला ट्रिमिक्स (जास्तीचे पाणी शोषून घेऊन घट्ट केलेले) काँक्रीट, असे नाशिकच्या कितीतरी सोसायट्यांत आहे. तिन्हींना एकच उपाय चालत नाही. रंगही दोन तऱ्हेचे. पट्ट्याची कड नखाला लागत असेल, थर दोन-तीन मिलिमीटरचा असेल आणि बॅटरीच्या उजेडात बारीक काचेचे मणी चमकत असतील, तर तो गरम करून ओतलेला थर्मोप्लास्टिक आहे. नखाला काही लागले नाही तर साधा रोडपेंट किंवा ऑइलपेंट. काहीही करायचे ते आधी कोपऱ्यातल्या एक फूट जागेवर करून बघा.

डांबरावर थिनर, पेट्रोल किंवा डिझेल अजिबात नको. डांबर स्वतःच खनिज तेलातून निघालेले असते. थिनरने रंगाच्या आधी तेच विरघळते, खडी मोकळी होते आणि पुढच्या पावसात तिथे खड्डा पडतो. काँक्रीटवर थिनर ओतले तर पातळ झालेला रंग छिद्रांत आणखी खोल जातो आणि रेषेच्या जागी धब्बा उरतो. ॲसिडचेही तेच. ते सिमेंट खाते, रंगाला फारसे काही करत नाही. गॅसच्या टॉर्चने रंग जाळायचा सल्ला देणारेही भेटतात. बेसमेंटमध्ये, गॅसवरच्या गाड्यांच्या शेजारी, हे कुणालाही करू देऊ नका.

थर्मोप्लास्टिक काढायचा तर वेळ सांभाळा. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ पडते, थरही चिवट होतो आणि पत्रा मारला की पट्ट्याबरोबर खडी उचकटून येते. थंडीतल्या सकाळी तोच थर ठिसूळ असतो आणि खरवडणीने तुकडे होऊन निघतो.

ग्रायंडर हातात घेतल्यावर

ऑइलपेंटला शेवटी घासण्यावाचून गत्यंतर नसते, आणि खरी गडबड इथेच होते. कारागीर आकड्याच्या कडेकडेने ग्रायंडर फिरवतो, रंग निघतो, पण काँक्रीटमध्ये १४ कोरला जातो. आमच्या बेसमेंटच्या पहिल्या दोन नंबरांचे असेच झाले. आता ते कुठल्याच रंगाने जाणार नाहीत. म्हणून आकडा घासू नका, आकड्याभोवतीचा पूर्ण चौकोन घासा. रेषेवर काम करताना दोन्ही बाजूंना चार-सहा इंच बाहेर जा आणि कडेला हात हलका करा, म्हणजे घासलेला भाग हळूहळू विरेल. रंगाचे बारीक ठिपके उरले तर राहू द्या. ते काढायच्या नादात खाच पडते आणि खाचेत पाणी साचते. मोठ्या बेसमेंटला हातातल्या ग्रायंडरपेक्षा फरशी पॉलिश करणाऱ्यांचे मशीन बरे. त्याला खरखरीत डायमंडच्या घासायच्या चकत्या लावून पाण्यावर चालवले की जमीन एकसारखी होते.

गाड्या धुवायच्या प्रेशर वॉशरकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याचा दाब साधारण १०० ते १५० बार असतो. रस्त्यावरचे पट्टे पाण्याने काढणारी मोठी यंत्रे २००० बारच्या पुढे चालतात. सुटत आलेला रंग घरच्या मशीनने जातो, घट्ट धरलेला जात नाही, आणि पेव्हरच्या सांध्यांतली वाळू मात्र उडून ब्लॉक हलायला लागतात.

पेव्हरवर तर घासूच नका. नंबर असलेले ब्लॉक उचला आणि भिंतीकडेचे, कुणाच्या नजरेत न येणारे ब्लॉक त्यांच्या जागी बसवा. रंगवलेले तिकडे लावा, सांध्यांत वाळू भरा. जुने ब्लॉक जुन्यांच्यातच मिसळून जातात. माणूस हाताशी असेल तर एका नंबरचे काम अर्ध्या तासात होते.

जुन्या पिवळ्या रंगात शिसे असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. म्हणून कोरडे घासू नका. पाणी मारत घासा, कारागिराला एन ९५ मास्क द्या, लहान मुलांना त्या दिवशी खाली पाठवू नका. राहिलेला चिखल पावसाळी गटारात ढकलायचा नाही. सातपूर, सिडको, मुंबई नाका या भागांतले नाले नासर्डी नदीला मिळतात आणि नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला. चिखल वाळू द्या, पोत्यात भरून बांधा, आणि रंगाचा कचरा आहे असे सांगून वेगळा द्या.

नवा रंग लगेच मारायची घाई करू नका. धूळ झाडून, धुऊन, वाळू द्या. बेसमेंट वरून कोरडे दिसले तरी रात्री हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा जमीन काळपट पडली, तर अजून ओल आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्ये थेंब दिसले, म्हणून थांबलो आणि नोव्हेंबरमध्ये नंबर टाकले.