बारच्या मेन्यूसाठी स्वतःचे खास कॉकटेल कसे तयार करावे

नवे कॉकटेल रचताना कोऱ्या पाटीपासून सुरुवात करण्याऐवजी डायकिरीसारखा जुना, सिद्ध साचा घ्यावा: ६० मिलि रम, साधारण २२ मिलि लिंबाचा रस आणि तितकाच साखरेचा पाक. त्यातील एका वेळी एकच घटक बदलावा, कारण दोन घटक एकदम बदलले तर चव कशामुळे सुधारली किंवा बिघडली हे कळत नाही. समप्रमाणाच्या पाकाऐवजी दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक वापरल्यास त्याचे माप कमी करावे. शेकरमध्ये बर्फासह १० ते १५ सेकंद हलवल्यावर पेयात बरेच पाणी उतरते. हे पाणी दोष नसून घटकच आहे, त्यामुळे चव नेहमी हलवून गाळल्यानंतरच पाहावी, आणि बर्फावर द्यायचे पेय असल्यास तो थोडा वितळल्यावर पुन्हा पाहावी. लिंबाचा रस त्याच दिवशी काढलेला असावा. कृती मिलिलिटरमध्ये लिहून ठेवावी, आणि ऐन गर्दीत सात-आठ बाटल्या उघडायला लावणारे पेय, कितीही चविष्ट असले तरी, मेन्यूत घेऊ नये. सजावट त्यानंतरची बाब आहे. नाव मात्र ग्राहकाला न अडखळता उच्चारता येईल असेच निवडावे.