डिमेन्शियाच्या रुग्णाचा ईईजी: नोंद आणि वाचन

या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत, सर्वांत जास्त फसवते ती पेंग. डोळा लागू लागला की निरोगी माणसाचाही अल्फा (जागेपणी डोळे मिटल्यावर दिसणारी, सेकंदाला ८ ते १३ लहरींची म्हणजे ८ ते १३ हर्ट्झची लय) विरतो, थीटा (४ ते ८ हर्ट्झच्या मंद) लहरी उमटतात आणि तेच ‘मेंदूचे मंदावणे’ म्हणून रिपोर्टात जाते. म्हणून झोपेची गोळी देऊन नोंद घेऊ नका. रुग्ण बेचैन असेल तर घरचे माणूस शेजारी बसवा.

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवावेत आणि मग तेल लावू नये. तेलकट टाळूवर पेस्ट धरत नाही. औषधे परस्पर बंद करू नयेत. त्यांची यादी आणि शेवटच्या डोसची वेळ मात्र लिहून घ्या, कारण क्लोनाझेपामने बीटा (१३ हर्ट्झहून जलद लहरी) वाढतो आणि क्लोझापिनने लहरी मंदावतात.

इलेक्ट्रोड १०-२० पद्धतीने (डोक्यावरच्या ठरलेल्या जागी, ठरावीक अंतराने) लावा, इम्पिडन्स (टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणा. निदान २० मिनिटांची स्वच्छ नोंद हवी. मधूनमधून डोळे उघडायला-मिटायला लावा, नावाने हाक मारा, सोपी बेरीज विचारा आणि त्या त्या जागी खूण करा.

कंप असलेल्या रुग्णाचे डोके उशीवर हलते. हा कंप ४ ते ६ हर्ट्झचा, म्हणजे नेमका थीटाच्या पट्ट्यात. मागच्या इलेक्ट्रोडवर तो हुबेहूब मेंदूची लहर वाटतो. मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून डोक्याचा मागचा भाग अधांतरी करा. लय गेली तर ती कंपाचीच होती.

वाचताना डोळे मिटल्यानंतरचा पहिला सेकंद सोडा, तेव्हा लहरींचा वेग क्षणभर जास्त दिसतो. पुढे मागच्या इलेक्ट्रोडवर सेकंदाला किती लहरी आहेत ते चार-पाच ठिकाणी मोजा. रुग्ण पूर्ण जागा असताना वेग ८ हर्ट्झच्या खाली असेल, तर वय ८० असले तरी ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नका.

आता लक्षणांशी मेळ घाला. अल्झायमरमध्ये अल्फा हळूहळू मंदावतो, थीटा आणि पुढे डेल्टा (४ हर्ट्झहून मंद लहरी) वाढतो. सुरुवातीला मात्र ईईजी सामान्य असू शकतो. ल्यूई बॉडी डिमेन्शियात (मेंदूच्या पेशींत ल्यूई बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साठतात तो प्रकार) मागच्या भागातले मंदावणे लवकर आणि ठळक दिसते आणि लय थीटा व प्री-अल्फा (अल्फाच्या जरा खालच्या) पट्ट्यांत वर-खाली होत राहते. या आजाराच्या निदानाच्या २०१७ च्या निकषांत याला पूरक पुराव्याचे स्थान आहे. असे दिसले तर घरच्यांना नेमके विचारा: दिवसभरात शुद्ध कमी-जास्त होते का? नसलेली माणसे, जनावरे दिसतात का? झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात का?

फ्रंटोटेम्पोरल प्रकारात (मेंदूच्या कपाळामागच्या आणि कानशिलाकडच्या भागांचा डिमेन्शिया) वागणे पार बदलले तरी ईईजी बराच काळ सामान्य राहतो. तेव्हा सामान्य ईईजीवरून डिमेन्शिया नाही असे लिहू नका.

काही आठवड्यांतच झपाट्याने घसरण आणि अंगाला झटके असतील तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब या वेगाने वाढणाऱ्या दुर्मीळ मेंदूरोगाचा विचार करा. त्यात साधारण सेकंदाला एक अशा टोकदार लहरी ठरावीक अंतराने येतात, पण सुरुवातीला नसूही शकतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ईईजी पुन्हा काढावा.

दोन-चार दिवसांतच गोंधळ वाढलेला, नोंदभर मंद लहरी आणि त्यात त्रिकला (तीन टप्प्यांच्या) लहरी असतील, तर आधी यकृत, मूत्रपिंड, सोडियम आणि जंतुसंसर्ग तपासा. डिमेन्शियासाठीचा ईईजी ते सुधारल्यावरच.