थर्मल कॅमेरा घेण्यापूर्वी: कूल्ड की अनकूल्ड?

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेची उपकरणे तयार करणारे कारखाने आहेत, तर कोयलीला तेलशुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प आहे. दोन्ही ठिकाणच्या देखभाल विभागांना थर्मल कॅमेरा, म्हणजे वस्तूंच्या उष्णतेचे चित्र दाखवणारा कॅमेरा, लागतो. मात्र दोघांना लागणारा कॅमेरा एकच नसतो: कूल्ड कॅमेऱ्यात सेन्सर मुद्दाम अतिथंड ठेवलेला असतो, अनकूल्डमध्ये तो तसा थंड करत नाहीत. म्हणून दरपत्रक मागवण्याआधी आपल्याला काय पाहायचे आहे, ते किती लहान आणि किती लांब आहे, किती वेगाने फिरते आणि तो घन पदार्थ आहे की वायू, हे कागदावर लिहून काढावे. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

अनकूल्ड कॅमेऱ्यात मायक्रोबोलोमीटर नावाचा सेन्सर असतो. व्हॅनेडियम ऑक्साइडची किंवा अमॉर्फस सिलिकॉनची अतिसूक्ष्म पटले 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी तापतात, त्यामुळे त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलातून चित्र तयार होते. कूल्ड कॅमेऱ्यात इंडियम अँटिमोनाइडसारख्या अर्धवाहकावर पडलेले किरण थेट इलेक्ट्रॉन मोकळे करतात, काही तापण्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु सेन्सर स्वतःच कोमट असेल तर त्याच्या उष्णतेचा गोंगाट मूळ संकेताला गिळून टाकतो, आणि म्हणून तो बहुधा 77 केल्विनच्या, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो. हे काम स्टर्लिंग चक्रावर चालणारा छोटा कूलर करतो. त्याला गार व्हायला काही मिनिटे लागतात आणि काही हजार तासांनंतर तो दुरुस्तीला द्यावा लागतो, तेव्हा त्या दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या वेळीच लेखी मागून घ्यावा.

विजेचे पॅनेल, बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी), मोटरचे बेअरिंग किंवा ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग (तार आत नेणारा वीजरोधक भाग) तपासण्यासाठी अनकूल्ड कॅमेरा पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सैल जोड आणि चांगला जोड यांच्यात कित्येक अंशांचा फरक पडतो, तर साधारण दर्जाचा अनकूल्ड कॅमेराही 0.05 अंशाचा फरक दाखवतो. येथे चूक होते ती कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर वापरणाऱ्याच्या हातून. मी स्वतः एकदा चकचकीत तांब्याच्या बसबारवर कॅमेरा रोखून जोड थंड असल्याची नोंद केली होती. नंतर पडद्यावर नीट पाहिले, तेव्हा बसबारवर एक अंधूक आकृती दिसली. मी बाजूला सरकलो तशी तीही सरकली. ती माझ्याच अंगाच्या उष्णतेची प्रतिमा होती. पुरवठा बंद करून, लॉक लावून आणि अर्थिंग करून जोडाशेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि पॅनेल पुन्हा भारावर घेतले. तासाभराने आजूबाजूचे तांबे काळपट होते आणि टेपचा तुकडा मात्र पांढराशुभ्र उजळला होता. दोहोंचे तापमान जवळजवळ सारखेच होते. फरक उत्सर्जकतेचा, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात किती बाहेर टाकतो याचा होता, कारण अशा टेपची उत्सर्जकता 0.95 च्या आसपास असते आणि चकचकीत तांब्याची 0.1 पेक्षाही कमी.

तपासणी भार चालू असतानाच करावी. जोडातील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने निम्म्या भारावर ती एक चतुर्थांशच राहते आणि दोष लपून जातो. ॲक्रिलिकच्या झाकणातून कॅमेऱ्याला आतले काही दिसत नाही, त्यामुळे झाकण उघडावे लागते किंवा खास अवरक्त खिडकी बसवावी लागते. उघड्यावरील यार्ड आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी तपासू नये. सूर्यास्तानंतर धातू निवल्यावर जावे. अंतराचाही हिशेब करावा: 1.3 मिलिरेडियनच्या (हा एका पिक्सेलने व्यापलेला कोन) कॅमेऱ्याचा एक पिक्सेल 10 मीटरवर 13 मिलिमीटर व्यापतो आणि भरवशाच्या मोजमापासाठी किमान तीन बाय तीन पिक्सेल लागतात, म्हणून 4 सेंटिमीटरपेक्षा लहान तापलेला क्लॅम्प तेथून प्रत्यक्षापेक्षा थंड वाटतो.

कूल्ड कॅमेऱ्याचा खर्च सार्थकी लागतो तो वायुगळती आणि वेग या दोन कामांत. मिथेन 3.3 मायक्रॉनजवळ किरण शोषतो, आणि त्या अरुंद पट्ट्याचा फिल्टर सेन्सरसोबतच थंड कक्षात ठेवल्यामुळे गळती धुरासारखी दिसते. मात्र वायू आणि त्यामागची भिंत एकाच तापमानाला असतील, तर हा कॅमेराही काही दाखवत नाही; अशा वेळी उभे राहण्याची जागा बदलून मागे आकाश किंवा तापलेला पत्रा घ्यावा. स्विचगिअरमधील (वीजपुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांतील) सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वीजरोधक वायू 10.6 मायक्रॉनजवळ शोषतो, म्हणजे अनकूल्ड सेन्सरच्याच पट्ट्यात. तरीही बारीक गळतीसाठी त्याच पट्ट्यातला कूल्ड कॅमेरा अधिक संवेदनशील ठरतो.

वेगाचे गणित सोपे आहे. मायक्रोबोलोमीटरच्या पटलाला प्रतिसाद द्यायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात मिनिटाला 1500 फेरे घेणारे चाक पाव फेरा फिरून जाते, त्यामुळे चित्र पुसट येते. कूल्ड सेन्सरला 0.1 मिलिसेकंदाचे एक्सपोजर दिले, तर तेच चाक एक अंशही फिरत नाही.

विक्रेत्याला प्रात्यक्षिक आपल्याच कारखान्यात, कामाच्या वेळी द्यायला सांगावे. त्याच्या टेबलावरील गरम चहाचा कप कोणत्याही कॅमेऱ्यात छान दिसतो. आपला नेहमीचा पॅनेल किंवा व्हॉल्व्ह समोर ठेवावा, कॅमेरा सुरू केल्यापासून पहिले स्थिर चित्र येईपर्यंत घड्याळ लावावे, आणि टेपच्या तुकड्यावरील तापमान संपर्क थर्मामीटरने मोजून कॅमेऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहावे.