भूजला जाऊन स्वतःचं टेक्सटाईलचं काम सुरू करायचंय? मग हे वाचा

दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच, ताई मलाही कच्छात येऊन ब्रँड काढायचाय. बहुतेक जण रणोत्सव करून आलेले असतात, धोर्डो, पांढरं रण, चांदणं, फोटो. त्यांना मी म्हणते एकदा जूनमध्ये येऊन राहा मग बोलू.

मी नाशिकची, टेक्सटाईल डिझाइन शिकले आणि इथेच राहिले. अजरखचे, म्हणजे कच्छातल्या लाकडी ठशांच्या छपाईचे, स्टोल आणि मीटरवारी कापड करते, स्टुडिओ म्हणजे भूजमधल्या भाड्याच्या घराची पुढची खोली. विक्री होते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तुम्ही टिकणार की नाही ते ठरतं उरलेल्या आठ महिन्यांत.

कारण अजरख म्हणजे नुसता छापा मारला आणि झालं असं नसतं. कापड धुवायचं, हिरड्यात बुडवायचं, मग चुना आणि डिंकाचा रेझिस्ट (जिथे रंग चढायला नको तिथला लेप), मग काळा, मग तुरटी, नीळ, लाल, आणि मधेमधे परत धुणं परत वाळवणं, असे चौदा-सोळा टप्पे. काळा रंग कसला तर गंजलेलं भंगार लोखंड आणि गूळ पिंपात आंबत ठेवतात, त्याचा वास एकदा नाकात बसला की बसला! रेझिस्ट छापला की ओल्यावरच भुसा भुरभुरतात, नाहीतर फिसकटतो. हवा दमट असेल तर तो वाळतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात काम रखडतं. म्हणजे दिवाळीनंतर विकायच्या मालाची ऑर्डर मार्च-एप्रिललाच टाकायची, अ‍ॅडव्हान्स तेव्हाच द्यायचा, आणि ते पैसे हिवाळ्यापर्यंत अडकलेले. सहा-आठ महिन्यांचा घरखर्च यात न धरता बाजूला हवा, लोन काढून तर अजिबात येऊ नका.

पाण्याचं पण समजून घ्या. 2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या, म्हणजे अजरख छापणाऱ्यांच्या जुन्या गावाच्या, पाण्यात लोह वाढलं, आणि हिरडा आणि लोह एकत्र आले की काळपट होतं, म्हणजे सगळे रंग मळकट. म्हणून तिथली छपाई करणारी बरीच मुस्लिम खत्री कुटुंबं भूजजवळ येऊन वसली, तेच अजरखपूर. जिथे पाण्यासाठी लोकांनी गाव बदललं तिथे जाऊन ‘भाई, पंधरा दिवसांत पाचशे मीटर पाहिजे’ म्हणाल तर चहा मिळेल, माल नाही.

नवीन डिझाइनची पण घाई नको. रेखेचा ब्लॉक (लाकडी ठसा) वेगळा, काळ्याचा वेगळा, भरणीचा वेगळा, आणि हे कोरून येतात लांबून, पेथापूर वगैरे. पहिलं वर्ष कारागिराकडचेच जुने ब्लॉक वापरा, मांडणी बदला, काला कॉटनवर, म्हणजे कच्छच्या देशी कापसाच्या कापडावर, छापून बघा. तेवढ्यातच भरपूर करता येतं, खरंच.

आता कम्युनिटी. बाहेरून येणाऱ्याला वाटतं आपण रेसिडेन्सी उघडू, लोकांना जोडू. अहो, लोक आधीच जोडलेले आहेत! भुजोडीचे वणकर म्हणजे विणकर, अजरखपूरचे खत्री, कुकम्यात खमीर ही हस्तकलेची संस्था, आणि सोमैया कला विद्यामध्ये तर कारागीर स्वतःच डिझाइन शिकतात. आपण त्यात शिरायचं. आमचा ग्रुप असाच जमला, छोटे लेबलवाले चार-पाच जण एकत्र कोरं कापड मागवतो कारण एकट्याला परवडत नाही, पार्सलचा टेम्पो एकच, आणि उन्हाळ्यात धंदा थंड असतो तेव्हा गच्चीवर बसून एकमेकांची सॅम्पलं बघून शिव्या घालतो. शुक्रवारी दुपारी आणि रमजानमध्ये डेडलाइन लावायची नाही, हे कोणी सांगत नाही पण पाळायचं. आणि लेबलवर छापणाऱ्याचं नाव घाला, त्याला विचारून.

गुजराती कामापुरती तरी शिका, हिंदीवर भागतं पण भावाची बोलणी गुजरातीतच होतात. मुंबईहून कच्छ एक्सप्रेस आहे, सकाळी भूज. घर बघताना आधी गच्चीवरची पाण्याची टाकी केवढी आहे आणि पाणी किती दिवसांनी येतं ते विचारा, डिपॉझिटचं त्यानंतर.