नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाबद्दल घरच्यांशी कसे बोलावे

चित्रपट संपून नामावली वर सरकू लागते न लागते तोच घरातले कुणीतरी निकाल देऊन टाकते, ‘काही खास नव्हता.’ बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. ज्याला तो मनापासून आवडलेला असतो, तो मूग गिळून बसतो. घरात चित्रपटावरच्या गप्पा रंगत नाहीत त्या कुणाला चित्रपट कळत नाही म्हणून नव्हे. बहुधा पहिलेच वाक्य निकालाचे असते आणि ते उच्चारणाऱ्याच्या शब्दाला घरात वजन असते.

म्हणून सर्वांत आधी बोलण्याचा क्रम बदलावा. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. कार्डावरच्या रेषांपैकी दिलेल्या रेषेइतकी लांब रेषा कोणती, असा साधा प्रश्न होता. परंतु आधी उत्तर देणाऱ्या सर्वांनी, म्हणजे अ‍ॅश यांच्याच साथीदारांनी, संगनमताने चुकीची रेषा दाखवली, की खऱ्या सहभागी व्यक्तीही सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्याच सुरात सूर मिसळत असत. त्या घोळक्यात एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी ही री ओढणे एकदम कमी होई. उत्तर डोळ्यांसमोर असताना परक्यांपुढे माणसाची ही गत होते, तर जिथे बरोबर उत्तर असे काही नसतेच त्या विषयात वडिलांपुढे किंवा मोठ्या बहिणीपुढे धाकट्याने वेगळे मत मांडावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तेव्हा ज्यांचे मत घरात शेवटचे मानले जाते, त्यांनी खरोखरच शेवटी बोलावे, आणि ज्याला एरवी कुणी विचारत नाही त्याला प्रथम विचारावे. सर्वांचे बोलून होईपर्यंत मोबाइलवर त्या चित्रपटाला किती तारे मिळाले आहेत ते पाहू नये. ती आकडेवारी म्हणजे खोलीत न आलेल्या हजारो पाहुण्यांनी आधीच उरकलेली चर्चा असते.

‘आवडला का?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण त्याचे उत्तर एका शब्दात संपते. ‘कुठला प्रसंग लक्षात राहिला?’ असे विचारले, तर समोरच्याला काहीतरी सांगावेच लागते. स्वतः बोलतानाही हाच मार्ग धरावा. ‘पिक्चर फार स्लो होता’ या वाक्यावर फक्त होकार किंवा नकार देता येतो. त्याऐवजी कुणी म्हणाले, ‘तो बाप फोन हातात घेऊन बसतो आणि मुलीला लावतच नाही, तिथे मी कंटाळले, एवढा वेळ नुसता चेहरा का दाखवायचा?’ तर आजोबांना सांगता येते, ‘तो लावणार कसा? ती उचलणार नाही हे त्याला ठाऊक आहे. मला तर तो प्रसंग फार लवकर संपला असे वाटले.’ मतभेद तसाच राहिला, तरी आता दोघेही एकाच प्रसंगाकडे बोट दाखवून बोलत आहेत, आणि कदाचित त्या नातीला आजोबांविषयी काहीतरी नव्याने कळले आहे. माझ्या मते घरी चित्रपटावर बोलण्यातला खरा लाभ हाच आहे. नाहीतर अभिनय, छायाचित्रण आणि पटकथा यांची चिकित्सा करायला समीक्षक बसलेलेच आहेत.

शेवट पटला नाही की अख्खा चित्रपटच फसला असे वाटू लागते, याचेही भान ठेवावे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले, की एखाद्या अनुभवाची आठवण त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि त्याच्या अखेरीवर बेतलेली असते. तो अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फारसे स्थान नसते. त्यामुळे ‘शेवट गुंडाळला’ हे जरूर म्हणावे, पण मध्यंतरापर्यंत आपण खुर्चीच्या टोकावर बसून होतो हेही त्याच दमात सांगावे.

घरातल्या कुणी अजून चित्रपट पाहिलेला नसेल, तर कथा कुठपर्यंत सांगायची हे आपण न ठरवता त्यांनाच विचारावे. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६० साली ‘सायको’ हा चित्रपट प्रदर्शित करताना, चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही असे चित्रपटगृहांना बजावले होते आणि शेवट इतरांना सांगू नये अशी विनंती प्रेक्षकांना केली होती. एवढा कडकपणा घरात नको. काही जणांना शेवट आधी कळलेला चालतो, किंबहुना कुत्रा मरतो की जगतो हे कळल्याशिवाय ते पाहायलाच बसत नाहीत. मात्र ‘पुढे काय होतं ते बघच’ असे सूचक हसून सांगणे म्हणजे अर्धा शेवट सांगितल्यासारखेच आहे.

दोन गोष्टींची थट्टा करू नये. एक म्हणजे चित्रपट पाहताना कोण रडले, आणि दुसरी म्हणजे चित्रपट कुणी निवडला. ज्याने निवडला त्याला आधीच अपराधी वाटत असते, आणि दोनदा टोमणा ऐकल्यावर तो पुढच्या वेळी ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून मोकळा होतो. लहान मुलांच्या बाबतीत हे अधिकच जपावे. त्यांना एखादे दृश्य भीतीदायक वाटले असेल, तर ‘ते खोटं असतं’ म्हणून ते उडवून लावण्यापेक्षा नेमकी कशाची भीती वाटली हे विचारावे. पुष्कळदा ती राक्षसाची नसून पार्श्वसंगीताची असते.

दूर राहणाऱ्या नातेवाइकांना कुटुंबाच्या ग्रुपवर कळवताना मजकूर आटोपशीर ठेवावा. चित्रपटाचे नाव, तो साधारण किती लांबीचा आहे, मारधाड किंवा संकोच वाटावा अशी दृश्ये आहेत का, मुलांसोबत पाहता येईल का, आणि आपल्याला काय भावले याचे एक वाक्य एवढे पुरते. ‘नक्की बघा’ असे सर्वांना एकदम लिहिण्यापेक्षा ‘आत्या, तुला यातली सासू आवडेल’ असे एकीला उद्देशून लिहिले, तर निदान ती तरी तो पाहील आणि आवडली नाही तर तसे कळवीलही.